पाचव्या टायरला आवतन

ही गोष्ट खरी आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते, पिंपळ लागतो, पांढरी साडी लागते. यात त्यातलं काहीही नाही. सोमवार, दोन सप्टेंबर २०२४. पोळ्याचा दिवस. संध्याकाळचे पाच, लख्ख उजेड आणि अख्खं गाव हजर. ज्याला थाप वाटेल त्याने अचलपूरची एसटी पकडावी आणि तिथून पुढे विचारत यावं. गावाचं नाव मात्र माझ्याकडून निघणार नाही. ज्यांच्या घरी हे घडलं ती माझी माणसं आहेत.

किशोर माझा मावसभाऊ. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात तो, त्याची बायको सीमा आणि वडील जानराव. शेती काळ्या मातीची. किशोरकडे एक पिकअप गाडी होती. खत, कडबा, संत्र्याचे कॅरेट, जे मिळेल त्याचं भाडं मारायचा. माणूस वाईट नाही. पण घाई त्याच्या रक्तात.

त्या घाईनेच आदल्या वर्षी घात केला होता.

युरियाची चाळीस पोती भरून तो पांदणीच्या रस्त्याने शेतात निघालेला. टायर गोटा झालेले, म्हणजे झिजून नक्षी पार पुसलेली. नाल्याच्या चढावर गाडी रुतली. जानरावांनी घरून बैलजोडी आणली. डावीकडे पाखऱ्या, उजवीकडे ढवळ्या. साखळी गाडीच्या पुढच्या हुकात अडकवली.

"हळू घे," जानराव म्हणाले. "बैलायले दम खाऊ दे."

किशोरने दम खाऊ दिला नाही. अॅक्सिलेटर दाबला. टायर जागच्या जागी फिरले, चिखल उडाला, पाखऱ्याचे गुडघे टेकले... आणि नेमका तेव्हाच टायरखाली दगड सापडला.

गाडीने उडी मारली.

पुढचं चाक पाखऱ्याच्या पाठीवरून गेलं. मागचं डावं चाक त्याच्या मानेवर चढलं आणि तिथेच थांबलं.

पुढे जाईना. मागे येईना.

गोटा टायर नुसता गरगर फिरत होता आणि फिरताना मानेची कातडी सोलत होता. शेवटी गाडी बंद केली आणि पोती उतरवायला घेतली. अर्धा तास लागला. पाखऱ्या तो अर्धा तास जिवंत होता.

फुर्र्र... फुर्र्र...

नाकातून रक्ताचे बुडबुडे आणि तो श्वास. किशोरच्या कानातून तो आवाज पुढे गेलाच नाही.

त्या दिवसापासून जानराव पिकअपमध्ये बसले नाहीत. ढवळ्या त्यांनी गावातल्याच केशवरावांना देऊन टाकला. शेतात पायी जायला लागले. मुलाशी बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर सुनेमार्फत.

"सीमा, सांग त्याले, पाणी येऊन राह्यलं, कडबा झाक." आणि हा पठ्ठ्या समोर चार हातांवर उभा.

किशोरला एकच गोष्ट हवी होती. बापाने एकदा तरी पुन्हा त्याच्या शेजारी, त्याच्या गाडीत बसावं. त्यासाठी काय वाटेल ते करायला तो तयार होता.

म्हणून त्याने टायर बदलायचं ठरवलं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी तो अमरावतीला गेला. राजापेठेतून पुढे निघालं की संघपालचं टायरचं दुकान लागतं. संघपाल म्हणजे टायरचा डॉक्टर. तुम्हाला काय हवं ते नंतर, गाडी कुठे चालते ते आधी विचारणार.

"डांबर किती, चिखल किती, किशोरभाऊ?"

"अर्धं अर्धं. मेळघाटात गेलो तं गोटे बी."

संघपालने तीन टायर समोर उभे केले.

"हा सडकेचा. रेघा बारीक. डांबरावर मस्त, पन काळ्या मातीत दोन फेऱ्यात भरून जाते. हा निव्वळ चिखलाचा. दात मोठे. पन सडकेवर बोंबलत जाते आन लवकर झिजते. आन हा दोन्हीचा, ऑल टेरेन. खाचा मोकळ्या हाय, फिरता फिरता माती फेकून देते. बाजू जाड, गोट्यानं फाटत नाई."

किशोरने खाचेत अंगठा घातला. नख पूर्ण बुडालं.

"धरते ना पन? मले फक्त धरनारा पायजे. घसरला नाई पायजे."

"धरते. त्याची काळजीच सोडा."

पण त्या मापाचे चारच शिल्लक होते. पाचवा अकोल्याहून आठ दिवसांनी येणार होता.

"थांबा आठ दिवस," संघपाल म्हणाला. "स्टेपनी बी याच जातीची पायजे."

"परवा पोळा हाय. मले आजच बसवून द्या."

"मंग तुमच्या जुन्यातला एक ठेवा तवरक." संघपालने उतरवलेले चारही टायर लोळवून पाहिले. तीन टायरांच्या तारा दिसत होत्या. चौथ्यावर त्याने हात मारला. "हा त्यातल्या त्यात बरा. मागचा डावा."

मागचा डावा.

किशोरला चांगलं माहीत होतं तो कोणता टायर आहे. तरी आठ दिवसांचा प्रश्न, असं म्हणून त्याने मान हलवली. तो टायर गाडीच्या पोटाखाली टांगला गेला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, खांदमळण होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकतात. वर्षभर जू ओढून ते सुजलेले असतात. मग त्यांना हळद-तूप चोळायचं आणि जेवणाचं बोलावणं द्यायचं. त्याला आम्ही आवतन म्हणतो.

जानरावांच्या घरात दुसऱ्यांदा खांदमळण बैलाविना आली होती. म्हातारा अंगणात उगाच येरझाऱ्या घालत होता. मग पिकअपपाशी थांबला. टायरवर हात फिरवला, खाचा चाचपल्या, मुठीने बाजू ठोकून पाहिली.

"कोनं निवडले?"

किशोरने मागे वळून पाहिलं. सीमा तिथे नव्हती. प्रश्न त्यालाच होता.

"म्या, बाबा."

"यंदा डोकं वापरलं मंग."

वर्षभरानंतर बाप बोलला तेही असं. पण किशोरला तेवढ्यानेच गहिवरून आलं.

जानराव घरात गेले आणि वाटीत हळद-तूप घेऊन आले.

"बैल नाई घरी. वझं आता हेच ओढून राह्यले. यायलेच सांगतो."

त्यांनी पुढच्या डाव्या टायरला हळद-तूप चोळलं, अगदी खांदा चोळावा तसं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग दुसऱ्याला. तिसऱ्याला. चौथ्याला. मग गुडघ्यावर बसून त्यांनी गाडीखाली पाहिलं.

"आन याले कावून सोडाचं? हाही घरचाच हाय."

आता सांगायला हवं होतं. बाबा, त्याले नको, तो तोच हाय. पण तेवढं एक वाक्य बोललं की बापाचं तोंड पुन्हा वर्षभर बंद होणार होतं.

तो नव्या टायरवरची हळद पाहत राहिला.

जानराव आडवे झाले. हात आत घालून त्यांनी त्या गोटा टायरला हळद-तूप चोळलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

गाडीखालून आवाज आला...

फुर्र्र.

जानरावांचा हात थांबला. "हवा जाऊन राह्यली वाटते याची."

किशोरने नंतर तपासलं. हवा जशीच्या तशी होती.

सोमवारी सकाळी त्याने पुन्हा वाकून पाहिलं. चार टायरांवर हळद वाळून पिवळी दिसत होती. पाचव्यावर कणभरही नव्हती. रबर ओलं होतं आणि हात लावला तर... कोमट.

अंगणात ऊन अजून आलंही नव्हतं.

दुपारी सीमाने पुरणपोळीचा नैवेद्य आणला. चार चाकांपुढे चार ताटं ठेवली. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पाच जणांना बोलावलेलं तिने खिडकीतून ऐकलं होतं.

"पाचवं ताट लावू का?" तिने विचारलं.

किशोरला त्या टायरचा विषयच नको होता. "स्टेपनीले कोनी ताट लावते काय? चारच ऱ्हाऊ दे."

बोलावलं पाचांना, जेवू घातलं चौघांना. सण असा साजरा करायचा नसतो. जानराव तेव्हा न्हाणीत होते, नाहीतर त्यांनी हे होऊच दिलं नसतं.

साडेचारला म्हातारा धुतलेलं धोतर नेसून बाहेर आला. कुणी काही म्हणायच्या आत त्याने डावीकडचं दार उघडलं आणि गाडीत बसला.

"चाल. पोळ्यात उभी करू."

किशोरच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते बाहीला पुसलं आणि गाडी काढली. पांदणीच्या चिखलात टायरांनी घट्ट पकड घेतली. गाडी तसूभरही घसरली नाही. जानराव खुशीत होते. किशोरला मात्र प्रत्येक खड्ड्यात पायाखालून काहीतरी ऐकू येत होतं. धापा टाकल्यासारखं.

शाळेपुढच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली गावच्या बैलजोड्या ओळीने उभ्या. शिंगांना रंग, पाठीवर झुली. हल्ली ट्रॅक्टरही लागतात ओळीत, त्यामुळे पिकअपचं कुणाला नवल वाटलं नाही. किशोरने गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. चावी शर्टाच्या खिशात घातली आणि पुढे तोरणाखाली मित्रांत जाऊन उभा राहिला.

शेजारची जोडी मागे सरकली.

मग तिच्या पलीकडची. वेसण ताणून, डोळे फिरवून बैल गाडीपासून लांब व्हायला लागले. धनी ओढताहेत, बैल ऐकेनात. बघता बघता पिकअपच्या बाजूला दहा-बारा हात जागा मोकळी झाली.

त्या मोकळ्या जागेतून एकच बैल चालत आला.

ढवळ्या.

केशवरावांच्या हातातला कासरा हिसकून तो आला, वळला आणि पिकअपच्या उजवीकडे खेटून उभा राहिला. मान खाली केली. जू चढवायची वेळ झाली की करायचा तशी.

"जानरावभाऊ, पायलं का?" केशवराव हसले. "तुमाले वयखलं त्यानं."

जानराव हसले नाहीत. गाडीतून उतरले. ढवळ्याकडे पाहिलं, मग त्याच्या डावीकडे, जिथे पिकअप होती, तिकडे पाहिलं. हळूहळू वाकले आणि गाडीखाली नजर टाकली.

त्यांना कळलं. किशोरला लांबूनही दिसलं, की बापाला कळलं.

तेवढ्यात तोरण तुटलं, पोळा फुटला.

एकच गलका झाला. बैल सुटले. ढवळ्याने पाऊल उचललं... आणि त्याच्या बरोबरीने पिकअपही निघाली.

इंजिन बंद. चावी किशोरच्या खिशात.

दहा पावलं दोघं जोडीने चालले. लोक आधी हसले. किशोऱ्याने काहीतरी शक्कल काढली असं त्यांना वाटलं. मग गाडी जोडीतून फुटली, वळली आणि सरळ किशोरवर आली.

तो पळाला. गाडी मागे. मधे आलेल्या गोऱ्ह्याला तिने उडवलं, त्याचं शिंग मुळापासून तुटून रक्ताची चिळकांडी लोकांच्या तोंडावर उडाली. लाऊडस्पीकरचा खांब आडवा झाला. बाया लेकरं घेऊन शाळेत घुसल्या. किशोर शाळेच्या ओट्यापर्यंत पोचला. चढायला पाय उचलला आणि गाडीने त्याला बाजूने धडक दिली. तो खाली पडला. चाक डाव्या पायावरून गेलं. गुडघ्याखालचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. तो पांढरा तुकडा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

गाडी थांबली. मागे सरकली. चार पावलं, पाच पावलं. मग तिचं तोंड खाली दबलं.

मारका बैल दुसऱ्यांदा यायच्या आधी मान खाली घालतो, तसं.

गाव लांब उभं राहून पाहत होतं. एकही माणूस पुढे झाला नाही. मी कुणाला दोष देत नाही, मीही झालो नसतो.

जानराव झाले. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा गाडी आणि मुलाच्या मधे जाऊन उभा राहिला. हात पसरले.

"हो, पाखऱ्या. हो. हो." आवाज अगदी शांत. "आवतन म्या देल्लं. उपाशी ठेवलं, थे आमचं चुकलं. याले सोड. हा माहा हाय."

गाडी धावत आली, आणि त्यांच्या बोलण्यासरशी मंदावली. खूप मंदावली. पण थांबली नाही. तिने जानरावांना हळूच ढकललं, पाडलं, आणि पुढचं डावं चाक त्यांच्या छातीवर चढलं.

मग थांबली.

पुढे जाईना. मागे येईना.

आता पन्नास माणसं गाडी रेटायला लागली. जॅक ओल्या मातीत खचला. ट्रॅक्टरने साखळी लावून ओढलं तर साखळी तुटली. नव्या टायरांची पकड अशी, की दात जमिनीत रुतून बसले होते, आणि एका टायरचे जानरावांच्या बरगड्यांत. किशोर कोपरांवर सरपटत बापापर्यंत गेला. त्याचं डोकं आपल्या हातावर घेतलं.

"बाबा, तो टायर म्याच ठेवला. मले मालूम होतं. म्या सांगतलं नाई."

जानरावांच्या तोंडातून रक्त येत होतं. बोलायला त्यांना फार वेळ लागला.

"त्या दिवशी... पाखऱ्या मेला तवा... तू नाल्यात जाऊन रडला होता. म्या पायलं होतं. तवाच तुले जवळ घ्याले पायजे होतं. वरीसभर... फुकट घालवलं म्या."

त्यानंतर ते बोलले नाहीत. अर्धा तास फक्त श्वास चालला. कसा, ते मी लिहीत नाही. किशोर त्यांचं डोकं हातावर धरून होता.

श्वास थांबला, आणि गाडी आपोआप हातभर मागे सरकली.

तपासणी झाली. गिअर पडलेला, हँडब्रेक ओढलेला, गाडीत दोष नाही. कागदावर अपघात म्हणून नोंद झाली. मैदानातल्या ओल्या मातीचा फोटो गावातल्या एकाने काढला होता, तो मी पाहिला आहे. नव्या टायरांची दातेरी नक्षी दोन्ही बाजूंना स्पष्ट उमटली आहे. आणि मधोमध अजून एक चाकोरी आहे.

गुळगुळीत. बिननक्षीची.

स्टेपनी जमिनीपासून दीड वीत वर टांगलेली असते.

किशोरने गाडी भंगारात दिली. तो टायर आपल्यासमोर कापायला लावला आणि प्रत्येक तुकडा जाळला. पायात सळई बसवून काठीवर चालायला लागला. मला वाटलं, संपलं.

मग २०२५ चा पोळा आला. घरात बैल नाही, गाडी नाही. खांदमळणीला त्या घरात कुणी तोंडातून शब्द काढला नाही. आवतन कुणालाच दिलं नाही.

पोळ्याच्या दिवशी बरोबर पाच वाजता अंगणात कोणीतरी येऊन उभं राहिलं...

सीमाने खिडकीतून पाहिलं. अंगण रिकामं. पण तुळशीजवळची माती दबत होती.

किशोर उठला. ताट वाढून घेतलं. सीमाने त्याचा हात धरला.

"आवो, नका जाऊ. मामाजी नाई आता मधात याले."

"म्हूनच जा लागते," तो म्हणाला.

दार त्याने मागून ओढून घेतलं. अर्धा तास तो बाहेर होता. सीमाला फक्त त्याचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू आलं. आत आला तेव्हा ताट चाटूनपुसून साफ होतं. काय झालं ते त्याने आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी त्याच्या मानेमागे, दोन्ही खांद्यांच्या मधे, एक लाल पट्टा उठला.

आता ती जखम झाली आहे. अमरावतीच्या डॉक्टरने दोनदा पाहिली. मानेवर काही वजन वाहता का, असं विचारलं. किशोरला पाण्याची बादली उचलता येत नाही. तरी रोज सकाळी तो उठतो तेव्हा तळपायांना काळी माती असते आणि अंगात उभं राहायचं त्राण नसतं. मलम लावतात, जखम धरते, आणि सकाळी पुन्हा सोललेली.

गेल्या महिन्यात मी भेटून आलो. आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी त्याच्या डाव्या बाजूला बसायला गेलो तर त्याने मला हाताने अडवलं आणि उजवीकडे बसायला सांगितलं. मी उजवीकडे बसलो. डावीकडची जागा मोकळीच राहिली.

काल सीमाचा फोन आला होता. पोळा जवळ आलाय. या वर्षी किशोरला उठवत नाही, तर ताट घेऊन बाहेर कोणी जायचं, असं ती विचारत होती.

मी विचार करून सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.